बाबांस पत्र

हॅम्बुर्ग, नारळी पौर्णिमा

तीर्थरूप बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते. आईला तसे सांगा.

लघवीतले रक्त थांबले, आता पुढचे काय ते गणपती झाल्यावर बघू, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यांत मूत्राशयाच्या स्नायूचा भाग आलेलाच नाही, आणि कॅन्सरच्या गाठीचे मूळ किती खोल आहे ते त्यावरूनच कळते. म्हणून २ ते ६ आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून तपासतात. तुमचे ३ आठवडे झालेच आहेत. विसर्जनापर्यंत थांबलात तर ती मुदत टळेल. मूत्राशयाची पिशवीच काढतील, ही आईची भीती मला कळते. पण ती वेळ येऊ नये म्हणूनच ही तपासणी आणि पुढची बीसीजी आहे. लहानपणी दंडावर टोचतात तीच ही लस. नळीने पिशवीत सोडतात, २ तास धरून ठेवायची, आठवड्याला १ अशा ६ खेपा. जळजळ होते, किंचित ताप येतो. केस मात्र गळत नाहीत. या खेपा कोल्हापूरला घेता येतील का, ते मुंबईच्या डॉक्टरांना विचारा.

इथला एक विचित्र रिवाज सांगतो. इथे पुष्कळ घरांत पुरुषांनीही बसूनच लघवी करायची असते. घरमालकिणीने संडासात उभ्या माणसावर लाल फुली मारलेले चित्र लावले आहे. मला सहा महिने तो अपमान वाटला. यावरून खटलासुद्धा झाला आणि २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने उभ्या राहणाऱ्या भाडेकरूला न्याय दिला, तरी आमच्याकडचे चित्र जागेवरच आहे. बीसीजीनंतर ६ तास तुम्हालाही असेच बसायचे आहे, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. दर वेळी ब्लीच ओतून १५ मिनिटांनी पाणी सोडायचे. त्या दिवशी माडाच्या आळ्यात जाणे बंद. आणि बिडीही, कायमची; तिचे विष लघवीतूनच त्या पिशवीत साठते.

मी दूर राहून सल्ले देतो, असे काका म्हणाल्याचे कळले. रोज फोन करतो, रिपोर्ट वाचतो, याहून इथून काय करणार? गणपतीचे तिकीट काढले होते, ते रद्द केले. ३ महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतील तेव्हा तुमच्याजवळ असावे म्हणून रजा राखली आहे. निदान मी स्वतःला तसे सांगतो.

पैसे या आठवड्यात जमा होतील, कलमांवर कर्ज काढू नका. छोटीचा साखरपुडा पुढे ढकलू नका आणि मुलाकडच्यांपासून आजार लपवू नका. कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसची दोन तिकिटे काढून ठेवली आहेत. गणपतीच्या डोक्यावरची माटवी यंदा पुतण्याकडून बांधून घ्या, तुम्ही शिडीवर चढू नका.

तुमचा थोरला