आधी बाईंचं पत्र लिही

वेंगुर्ले
१२ ऑक्टोबर

चि. बाळ हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. प्रभू येशूच्या नावात सलाम.

ठाण्याच्या चर्चमध्ये तुला शब्बाथशाळेचा, म्हणजे रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवायचा वर्ग मिळाला, हे वाचून फार बरं वाटलं. ज्यांच्यामुळे विश्वासात वाढलीस त्या सगळ्यांचे आभार इथे नाताळच्या उपासनेनंतर पुढे उभं राहून मानीन, असं लिहिलंयस. मनात आलं ते चांगलंच, पण तसं करू नकोस. माइकवरून घेतलेली नावं हजेरीसारखी ऐकू येतात आणि एखादं राहिलं की त्या घरात कायमचा सल राहतो. नाताळात घरोघरी चाकरमानी असतात, पाळकसाहेबांना तर जेवायलाही फुरसत नसते. त्यापेक्षा एकेकाला वेगळं पत्र लिही, आणि जानेवारीत एखाद्या आडवारी येऊन प्रत्यक्ष भेट.

लिहायला बसताना नव्या करारातल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय समोर ठेव. नुसती नावं आहेत म्हणून आपण तो भरभर वाचून टाकतो, पण आभार कसे मानावेत ते तिथेच शिकायचं. पौल बहुतेक नावांबरोबर काहीतरी सांगतो. किंख्रिया बंदरातली फीबी पुष्कळांना साहाय्य करणारी. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, आणि त्यांच्या घरी मंडळी जमते. रूफाची आई त्याचीही आई झाली. कोणी काय केलं ते एका ओळीत. आणि दुसऱ्या पत्रांत पौल ज्यांना लिहितो त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो, आणि तसं त्यांना कळवतोही. हा क्रम मोडू नकोस. ‘तुम्ही नसता तर माझा विश्वास राहिला नसता’ असं लिहिलंस तर खऱ्या भाविक माणसाला ते जड जातं, कारण जे देवाचं आहे ते तू त्याच्या पदरात घालतेस.

सगळ्यात जास्त चुकतं ते मोघम लिहिण्यात. ‘तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत’ वाचून तुझ्या शब्बाथशाळेच्या बाईंना काय कळणार? त्यांनी चाळीसेक मुलांना शिकवलं, त्यातलं तुझ्यापर्यंत नेमकं काय पोचलं हे त्यांना ठाऊक नाही. तेव्हा फळ्याबद्दल लिही. पाठांतराला वचन द्यायचं तर बाई आधी पूर्ण वचन लिहायच्या, मग पुसून प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर ठेवायच्या, आणि शेवटी तीही अक्षरं दोनदोन करून पुसत जायच्या. पोरं अडकली तरी पुढचा शब्द सांगायच्या नाहीत, थांबायच्या. तुला अजून स्तोत्र १२१ अख्खं येतं ते त्या थांबण्यामुळे. एवढं लिही आणि खाली एक प्रश्न विचार: लहान वर्गाला एका रविवारी किती ओळी द्यायच्या? म्हाताऱ्या शिक्षिकेला नुसत्या स्तुतीला काय उत्तर द्यावं सुचत नाही. प्रश्नाला मात्र त्या चार पानं लिहितील.

बाईंना मोतीबिंदू आहे. निळी शाई नको, काळं बॉलपेन घे, एक ओळ सोडून लिही, अक्षर बोटाच्या नखाएवढं. पत्र बहुधा सूनच वाचून दाखवील, म्हणून चारचौघांत वाचता येणार नाही असं काही त्यात नको. पोस्टकार्ड नको, ते वाटेत सगळेच वाचतात. अंतर्देशीय पत्रात आत काही घालता येत नाही, आणि तुला वर्गाचा फोटो पाठवायचाय, तेव्हा पाकीटच घे. पाकिटात पैसे घालू नकोस, शिकवणीची फी चुकती केल्यासारखं होतं. औषधाला मदत करायची असेल तर ती वेगळी, सुनेशी बोलून.

व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र पाठवून हे काम उरकू नकोस. पत्र उशीखाली ठेवता येतं.

शेजारच्या काकूंना विसरू नकोस. त्या देवळात जाणाऱ्या, पण आपल्या उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, तीन तास त्यांच्या घरचा रेडिओ बंद असायचा, कोणी न सांगता. आणि भर आषाढात तुला गायनाच्या सरावाला सोडणारे रिक्षावाले. त्यांच्यासाठी धर्मशास्त्रातले शब्द वापरू नकोस, साधं लिही. ज्यांनी तुला रागावून, भीती घालून शिकवलं त्यांच्याबद्दल खोटं गोड लिहायची गरज नाही. खरंच काही मिळालं असेल तेवढंच लिही, नाहीतर प्रार्थनेत नाव घे आणि पुरे.

आजीला पत्र जाणार नाही. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना असते, त्याच्या आठवडाभर आधी ये, आपण थडगं साफ करू. पावसाचं शेवाळ जांभ्यावर वाळून काळं पडलंय. पाणी आणि काथ्याचा ब्रश, बस्स. तारेच्या ब्रशाने जांभा भुगा होऊन सुटतो आणि ॲसिडने संगमरवरी पाटीवरची अक्षरं खाल्ली जातात. पलीकडच्या दोन पाट्या अशाच गेल्या, आता नावं वाचता येत नाहीत.

आणि ज्यांना आपण पाहिलंच नाही ते? १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत. मराठीत अभंगाच्या चालीवर प्रभूला हाक मारायची सवय आपल्याला त्यांच्यामुळे लागली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचे आभार वर्गात मान. गीत शिकवण्याआधी ते कोणी लिहिलं आणि तो माणूस कुठला, एवढं मुलांना सांग. दोन मिनिटं लागतात.

सगळी पत्रं एकदम लिहायला बसू नकोस, तिसऱ्या पत्रापासून वाक्यं सारखी व्हायला लागतात. आठवड्याला एक. आणि बाईंचं आधी. दिवाळीनंतर डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग काही दिवस त्यांना वाचायची मनाई असेल. या शनिवारी टाकलंस तर वेळेत पोचेल. पत्ता पाठीमागे लिहिलाय.

तुझी,
आई