मुलांचा रात्रीचा घाम

संपादक महोदय,
झोप लागल्यावर पहिल्या तास-दोन तासांत मुलाचं डोकं, मान भिजणं बहुधा गाढ झोपेमुळेच असतं. कानटोपी, स्वेटर काढा, एकच सुती पांघरूण ठेवा. तेवढ्याने थांबलं तर औषध नको. पण कपडे बदलावे लागावेत इतका घाम आणि सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला वा ताप, घटतं वजन किंवा घरात क्षयरुग्ण असेल, तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी कराच. ती मोफत असते. लहानग्यांना बेडका काढता येत नाही, ते तो गिळतात, म्हणून तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी नळीने जठरातला द्रव घेतात. कृपया त्याला नकार देऊ नका. घाम येणारं मूल घोरतही असेल, तर त्याचे अॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या ग्रंथी) तपासा. दूध पिताना घामाघूम होऊन दमणाऱ्या तान्ह्या बाळाला मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, हृदयदोष असू शकतो.

– एक बालरोगतज्ज्ञ