नवी गाडी घेताना टायरची उंचीही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाडवा जवळ आला की आपल्या पुरवणीत नव्या गाड्यांची माहिती येते. स्क्रीन किती इंची, सनरूफ आहे का, एअरबॅग किती, मायलेज किती, सगळे असते. अलॉय व्हीलचा फोटोही मोठा असतो. त्या व्हीलवर टायर कोणत्या मापाचा आहे, हे मात्र मला छापलेले दिसत नाही. मी सोलापुरात विजापूर रोडला टायर आणि अलाइनमेंटचे (चाके सरळ रेषेत लावण्याचे) दुकान चालवतो. पाडव्याला हौसेने घेतलेली गाडी पावसाळ्यात रिम (टायर ज्यावर बसतो ते धातूचे कडे) वाकवून किंवा टायरच्या साइडला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फुगा आणून आमच्या रॅम्पवर चढते, तेव्हा बऱ्याच मालकांनी ते माप पहिल्यांदा वाचलेले असते. पैसे देण्याआधी ते वाचले जावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

टायरवर 185/65 आर 15 असे काहीतरी लिहिलेले असते. 185 ही मिलिमीटरमधली रुंदी. 65 म्हणजे साइडची उंची त्या रुंदीच्या 65 टक्के. 15 हा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साधारण 120 मिलिमीटर रबर आणि हवा आहे. त्याच गाडीच्या टॉप मॉडेलला 195/55 आर 16 असेल, तर ही उंची 107 वर येते. बाहेरून हौसेने 205/45 आर 17 बसवले तर उरतात 92. चाक जमिनीपासून वरपर्यंत मोजा, तिन्ही जवळपास सारखीच भरतात, 62 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे चाक मोठे झालेच नाही. रिम मोठी झाली आणि तिने जागा खाल्ली ती रबराची.

गिऱ्हाईक म्हणते, मोठे चाक खड्ड्यात कमी आपटते. खरे आहे. बैलगाडीचे चाक उगाच एवढे मोठे नसायचे. मारुती 800 ची 12 इंची रिमवरची चाके लहान होती, खड्ड्यात खोल उतरायची. पण हे सगळे संपूर्ण चाकाबद्दल आहे. ॲम्बेसेडरची रिम 15 इंचीच होती. तिच्यावर टायर भरपूर उंच असायचा, म्हणून ती गाडी दगडधोंड्यांवरून शांतपणे जायची. आज 17 इंची रिम घेऊन वर पातळ टायर चढवणारा माणूस त्याच्या बरोबर उलट करतो.

आता धक्के कुठे जिरतात ते सांगतो, कारण सगळा दोष शॉकअपवर टाकायची आपल्याकडे सवय आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातून जाणारा रस्ता त्यामुळे लांब लांब लाटांसारखा होतो. त्या लाटा सांभाळणे हे स्प्रिंग आणि शॉकअपचे काम. शहरातले दुखणे वेगळे आहे. पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला पट्टा, डांबराची उभी कड, चेंबरचे झाकण, रातोरात उगवलेला गतिरोधक. अशी तीक्ष्ण कड इतक्या पटकन येते की चाक, ब्रेक, चाक ज्यावर बसते तो हब यांचे वजन उचलून स्प्रिंग दबेपर्यंत धक्का वर पोचलेला असतो. तो आधी टायरच्या साइडने लवून खायचा असतो. साइडच बुटकी असेल तर लवायला जागा कुठे? त्यात मोठी अलॉय बहुधा जड असते, आणि चाकाचे वजन वाढले की स्प्रिंगचे काम आणखी अवघड होते. आणि खड्ड्याची कड जोरात लागली की रबर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटते, आतले धागे तुटतात, आणि दुसऱ्या दिवशी साइडला फुगा दिसतो. त्याला पंक्चरसारखा इलाज नाही, टायर बदलावाच लागतो.

एका गिऱ्हाइकाच्या आईचे मणक्याचे ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांना दाखवायला अक्कलकोटहून सोलापूरला आणताना त्या कळवळायच्या. मुलाने सीटवर गाद्या घातल्या, शॉकअप बदलून पाहिले, फरक पडेना. गाडीला बाहेरून टाकलेल्या 17 इंची अलॉय होत्या. कंपनीच्या 15 इंची लोखंडी रिमा घरी पडून होत्या, त्या आणायला लावल्या आणि त्यांवर मूळ मापाचे टायर चढवले. पुढच्या खेपेला मी त्या माउलीलाच विचारले. म्हणाल्या, आता बरं वाटतंय बाबा. माझ्यासाठी एवढी परीक्षा पुरेशी आहे.

मोठ्या रिमचा फायदा नाही असे मी म्हणत नाही. बुटकी साइड आडवी कमी मुरडते, त्यामुळे गाडी स्टेअरिंगला लगेच ऐकते. पुणे हायवेला लेन बदलताना हा फरक हाताला स्वच्छ कळतो. पण रस्ता सपाट असेपर्यंतच. उखडलेल्या वळणावर ताठ टायर उडतो, आणि जमिनीवर न टेकलेला टायर पकड कसली देणार? पकड येते ती रबराची प्रत, नक्षीची खोली आणि बरोबर हवा यांतून. रिमच्या इंचांतून नाही. उलट रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

तरीही बदलायचेच असेल तर एका इंचाच्या पुढे जाऊ नये, चाकाची एकूण उंची मूळ मापाइतकीच राहील असा टायर घ्यावा. चाक 3 टक्क्यांनी उंच झाले तर मूळ चाकावर बरोबर असलेला स्पीडचा काटा 80 दाखवताना गाडी 82 च्या वर पळत असते. टायरवर मापाच्या पुढे लिहिलेला वजन पेलण्याचा आकडाही मूळपेक्षा कमी नको. 88 म्हणजे एका टायरला 560 किलो. सगळे कुटुंब आणि डिकीभर सामान घेऊन तुळजापूरला जाताना तो आकडा कामाला येतो.

हवेबद्दलही सांगायलाच हवे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची, ही समजूत सोलापुरात फार पसरली आहे आणि ती धोक्याची आहे. कमी हवेचा टायर जास्त लवतो, लवल्याने जास्त तापतो. मे महिन्यातल्या 43 अंशांत तापलेल्या डांबरावर तोच आधी फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असते, त्यावरचा आकडा सकाळी थंड टायरला भरावा. चालून आलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये.

संपादक साहेब, आपल्याला विनंती अशी. पुरवणीत प्रत्येक गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलचे टायरचे माप छापा, स्टेपनीचे सुद्धा. कित्येक टॉप मॉडेलांना 16 इंची अलॉय देऊन डिकीत 15 इंची लोखंडी स्टेपनी ठेवलेली असते, आणि ते पंक्चर झाल्यावर रस्त्यातच कळते. वाचकांनी शोरूममध्ये दोन्ही मॉडेलांची ट्रायल मागावी. सेल्समन गुळगुळीत रस्त्यावर नेईल. त्याला आपल्या घरच्या बोळापर्यंत गाडी न्यायला सांगा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर बसवा.

आपला,
एक टायर दुकानदार, विजापूर रोड, सोलापूर