पम्या, बारसं थांबवू नकोस

प्रिय पम्या,

तुझा मेसेज पहाटे वाचला, की छकुलीला एडवर्ड्स सिंड्रोम निघालाय, डॉक्टर म्हणतात ती फार जगणार नाही, म्हणून बारसंही थांबवताय. फोन करणार होतो, पण एनआयसीयूच्या, नवजात बाळांच्या आयसीयूच्या, बाहेर बसलेल्या माणसाला बोलायला किती नको वाटतं ते मला माहितीये, म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, जमेल तसं वाच.

डॉक्टर खोटं सांगत नाहीयेत. एडवर्ड्स सिंड्रोम म्हणजे 18 नंबरचं क्रोमोसोम दोनाऐवजी तीन, आणि यातली निम्मी बाळं पहिल्या एक-दोन आठवड्यांतच जातात. आमच्या लेकीच्या, ओवीच्या वेळी आम्हालाही हेच सांगितलं, वर "जीव लावू नका" असंही. ओवी परवा सात वर्षांची झाली रे.

तेव्हा रात्र रात्र जागून मी वाचत बसायचो. कॅनडातल्या ओंटारियोत 1991 ते 2012 मध्ये जन्मलेल्या अशा 254 मुलांचा अभ्यास 2016 साली छापून आलाय. निम्मी नऊ दिवसांत गेली, वर्षापर्यंत पोचली फक्त 12.6 टक्के, पण दहा वर्षांनंतरही 9.8 टक्के होतीच, म्हणजे ज्यांनी पहिलं वर्ष काढलं त्यातली बहुतेक पुढे टिकली. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि जपानमध्ये नागानोच्या मुलांच्या हॉस्पिटलात 24 बाळांना श्वासापासून सगळी ट्रीटमेंट दिली तर चारातलं एक बाळ वर्षाचं होईपर्यंत जगलं. म्हणजे आकडा नुसत्या क्रोमोसोमचा नसतो, काय केलं आणि काय केलं नाही त्याचाही असतो. जिथे काहीच करत नाहीत तिथे मूल जाणारच, आणि मग म्हणायचं बघा, ही जगत नाहीत. मला याचा अजून राग येतो.

म्हणून उद्या राऊंडला छकुलीबद्दल विचार, सिंड्रोमबद्दल नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काय म्हणतो, हृदयातलं भोक केवढं आहे, झोपेत श्वास थांबतो का, रिपोर्टमध्ये सगळ्या पेशींत तीन आहेत की मोझॅइक, म्हणजे काहीच पेशींत. ओवीच्या हृदयाचं ऑपरेशन दोन ठिकाणी नाकारलं, तिसऱ्या ठिकाणी आठव्या महिन्यात झालं. ऑपरेशनला घेतात ती मुलं मुळातच जरा धडधाकट असतात हेही खरं, त्यामुळे मी तुला शब्द देत नाहीये.

आणि जगणं म्हणजे काय तेही सांगतो. ओवी अकरा किलोची आहे, बोलत नाही, आधाराने बसते. दूध अजून नळीनेच, सिरिंज वर धरायची आणि हळूहळू उतरू द्यायचं, एका फीडला अर्धा तास. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, कारण या मुलांना लिव्हर-किडनीच्या गाठीचा धोका असतो. पण मी गेट वाजवलं की आतून तिचा एक विशिष्ट हुंकार येतो, दुसऱ्या कुणासाठी येत नाही.

छकुलीची मूठ तशीच असेल, तर्जनी मधल्या बोटावर चढलेली, करंगळी शेजारच्यावर. ती जोरात उघडू नकोस. मनगट जरा आत वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात, मग आपलं बोट आत सरकवायचं, ती धरते. नखंही तशीच कापायची.

वहिनींना जप. आमच्याकडे कुणीतरी ओवीच्या आईला, सुजाला, विचारलं होतं, ग्रहणात काही चिरलं होतंस का, म्हणून बोटं अशी झाली. सुजा दोन दिवस जेवली नाही. तुमच्याकडेही कुणी म्हणेल, तर तिथल्या तिथे सांग की हे बहुतेक वेळा बीज तयार होतानाच घडतं, पोटुशी असताना काय केलं-खाल्लं त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि समजा सगळं विचारून तुम्ही ठरवलंत की टोचाटोची नको, मांडीवर घेऊन जेवढे दिवस मिळतील तेवढे घरीच काढायचे, तरी मी तुझ्याच बाजूला आहे. ओवीला गाडीतून हॉस्पिटलात नेताना मलाही कितीदा तसंच वाटलंय. फक्त ते तुम्ही ठरवा, कुणी घाईत सांगितलं म्हणून नको.

बाराव्या दिवसाचं बारसं मात्र करा. आम्ही इनक्युबेटरपाशीच केलं, सिस्टरने पाच मिनिटं दिली, माझ्या आईने काचेतल्या भोकातून हात घालून कानात नाव सांगितलं, कुर्रर्र सुद्धा हळूच म्हणाली.

मी शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतोय. कानात नाव सांगायला तिथे कुणी आत्या नसेल तर सुजाला घेऊन येतो, ओवीला आई बघेल.

तुझा,
मिल्या