कोऱ्या प्रतीचा सोस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दुर्मिळ ग्रंथांच्या संग्रहाविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. नवख्या संग्राहकाने समासात काहीही न लिहिलेली, बिनडागी प्रतच घ्यावी, असा सल्ला त्यात दिला आहे. कवितेच्या किंवा प्रवासवर्णनाच्या पुस्तकांना तो लागू पडत असेलही. परंतु खगोल आणि फलज्योतिषाची आरंभीची मुद्रित पुस्तके जमवण्याचा नाद मला बरीच वर्षे असल्याने, निदान या विषयापुरता तो सल्ला चुकीचा आहे, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते.

ही पुस्तके त्या काळी शोभेची नव्हती, कामाची होती. पंधराव्या शतकातील खगोलज्ञ रेजिओमोंटानसची ग्रहस्थितीची कोष्टके घ्या किंवा तेराव्या शतकातील सक्रोबोस्कोचे आकाशगोलाविषयीचे पाठ्यपुस्तक घ्या. वाचणारा लेखणी हातात घेऊनच बसत असे. कोपर्निकसचा 1543 साली न्यूरेंबर्गला छापलेला ग्रंथ फारसा कोणी वाचलाच नाही, असे एकेकाळी खुशाल म्हटले जाई. खगोलशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक ओवेन गिंगरिच यांनी 1970 साली एडिंबरोत त्या ग्रंथाची एक प्रत उघडली, तेव्हा तिचे समास एरास्मुस राइनहोल्ड या सोळाव्या शतकातील गणितज्ञाच्या टिपणांनी भरलेले त्यांना आढळले. आणि नवल म्हणजे टिपणांची गर्दी सूर्यकेंद्री मांडणीच्या सुप्रसिद्ध पानांवर नसून पुढच्या किचकट गणितापाशी होती. त्यानंतर सुमारे तीस वर्षे खपून त्यांनी 1543 आणि 1566 या दोन्ही आवृत्त्यांच्या मिळून सहाशेच्या आसपास प्रतींची नोंद केली. एकाची टिपणे दुसऱ्याने आपल्या प्रतीत कशी उतरवून घेतली, 1620 साली चर्चने फर्मावलेल्या दुरुस्त्या कोणी इमानाने केल्या आणि कोणी केल्याच नाहीत, हे सारे त्यातून उलगडले. खुद्द गॅलिलिओने आपल्या प्रतीत त्या दुरुस्त्या केल्या खऱ्या, पण खोडलेला मजकूर खालून वाचता येईल इतक्या हलक्या हाताने! त्या प्रती कोणा चोखंदळ मालकाने धुऊन काढल्या असत्या, तर यातले काहीच हाती लागले नसते.

‘धुऊन’ हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. पाने सुटी करून पाण्यात वा सौम्य रसायनात बुडवायची, शाई उतरवायची आणि पुन्हा बांधणी करायची, हा उद्योग पूर्वी सर्रास चाले. माझ्याकडची सोळाव्या शतकातील एक प्रत, ‘अत्यंत स्वच्छ’ या वर्णनावर भुलून, मीच एका विक्रेत्याकडून घेतली होती. पाने हाताला मऊ, काहीशी निर्जीव लागली, म्हणून अतिनील प्रकाशाखाली धरली, तर समासातून पुसट ओळी वर आल्या आणि एका पानाच्या तळाशी चौकोनी कुंडलीची बारा घरे दिसली. घरांत ग्रह मांडलेले असावेत, पण ते आता वाचता येत नाहीत. वर बांधणाऱ्याने कडा कापताना प्रत्येक ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरेही नेली आहेत.

कुंडलीवरून आठवले. पुष्कळ संग्राहक खगोलाची पुस्तके घेतात आणि फलज्योतिषाची, थोतांड म्हणून, सोडून देतात. माझाही फलज्योतिषावर काडीचा विश्वास नाही. तथापि ही वाटणी आपली आहे, त्या काळच्या वाचकाची नव्हे. ग्रहाचे स्थान काढणारा आणि त्यावरून भाकीत सांगणारा बहुधा एकच माणूस असे. 1524 च्या फेब्रुवारीत मीन राशीत ग्रहांची गर्दी होणार, असे 1499 साली छापलेल्या एका पंचांगात आले, तेव्हा महापुराच्या भीतीने शंभराहून अधिक पुस्तिका निघाल्या. त्या चार-आठ पानी पुस्तिका वाचून टाकून दिल्या गेल्या, म्हणून आज त्यांतल्या कित्येक मोठ्या ग्रंथांपेक्षाही दुर्मिळ आहेत.

अर्थात समासातील प्रत्येक खूण खरी मानावी, असे माझे म्हणणे नाही. दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांविषयीच्या गॅलिलिओच्या 1610 च्या पुस्तिकेची एक प्रत, त्याच्या सहीसह आणि चंद्राच्या जलरंगातील चित्रांसह, काही वर्षांपूर्वी गाजली होती. तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली. पुढे 2012 साली निक वाइल्डिंग या इतिहासकाराने तिच्यावरील ग्रंथसंग्रहाचा शिक्का अस्सल शिक्क्यांशी ताडून पाहिला आणि अख्खी प्रतच बनावट निघाली. तेव्हा शाई कागदात मुरली आहे की वर बसली आहे, वाळवीचे छिद्र अक्षरातून आरपार गेले आहे की अक्षर त्याला वळसा घालून लिहिले आहे, हे भिंग घेऊन पाहावेच लागते.

कोरी प्रत घेऊ नये, असा माझा आग्रह नाही. ज्याची त्याची ऐपत आणि आवड. मात्र विक्रीच्या याद्यांत ‘समासात टिपणे’ हे दोन शब्द दोषांच्या रकान्यात जाऊन बसतात, ते तिथून हलवावेत; टिपणे कोणत्या पानांवर, किती हातांची आणि कोणत्या भाषेत आहेत, एवढे तरी विक्रेत्यांनी लिहावे. आणि ज्यांच्याकडे अशी प्रत आहे, त्यांनी ती नव्याने बांधायला टाकण्यापूर्वी कडांसकट प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक संग्राहक वाचक