पिशवीत काय आहे, ते पिशवीवर लिहा

संपादक महोदय,

सिन्नर तालुक्यात गेली नऊ वर्षे मी करारावर ब्रॉयलर कोंबड्या पाळतो. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, पाणी, वीज आणि राबणारी माणसे आमची. ४० दिवसांच्या आसपास पक्षी दोन-सव्वादोन किलोचा झाला की गाडी येते आणि किलोमागे ठरलेले पैसे हाती पडतात. हळद, ओवा, लसूण, कालमेघ यांच्या भुकट्या व अर्क आणि प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपकारक अशा जिवंत जिवाणूंच्या पुड्या यांची या धंद्यात सध्या रेलचेल आहे. तिच्याविषयी एका तक्रारीसाठी हे पत्र.

या पुड्यांची गरज खोटी नाही. पक्ष्याची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली, आणि माणसांवरील उपचारात अखेरचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुपक्ष्यांसाठी वापर आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये बंद झाला. पर्यायामागचे शास्त्रही जुने आहे. गावठी पिल्लू आईमागे उकिरडा चिवडता चिवडता आतड्यातले जिवाणू आयते मिळवते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईच भेटत नाही. फिनलंडमधील नुर्मी आणि रांटाला या संशोधकांनी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील द्रव्य नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिले, तेव्हा त्यांच्यात साल्मोनेला या रोगकारक जिवाणूला थारा मिळेनासा झाला. हे १९७३ साली प्रसिद्ध झाले.

मात्र जिवंत वस्तू जिवंत पोहोचली तरच उपयोगाची, हे मला स्वतःच्या चुकीतून समजले. आमच्या बोअरच्या पाण्यात मी नेमाने ब्लीचिंग पावडर टाकतो. त्याच टाकीत मी सलग दोन बॅच प्रोबायोटिक मिसळत राहिलो. शिवाय एकदा श्वसनरोगावर प्रतिजैविकाचा डोस चालू असतानाही पुडी थांबवली नाही. क्लोरीन आणि प्रतिजैविक या दोहोंनी ते जिवाणू मरतात, हे पुढे पशुवैद्यकांनी सांगितले. पुडीवर मात्र त्याबद्दल एक अक्षर नव्हते. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू गोळी खाद्य तयार करतानाच्या उष्णतेत सहसा टिकत नाहीत, बॅसिलसचे बीजाणू मात्र टिकतात. मग खाद्यातून काय द्यायचे आणि पाण्यातून काय, हे पालकाने कशावरून ठरवायचे?

वनौषधींची गत याहून वाईट आहे. ओव्यातील थायमॉल जंतूंना रोखते, यात शंका नाही. पण हळदीतील कुरकुमिनचे प्रमाण जातीनुसार सुमारे २ टक्क्यांपासून ५ टक्क्यांच्याही पुढे जाते, आणि पिशवीवर छापलेले असते ‘निवडक आयुर्वेदिक वनस्पती’. त्या कोणत्या, मूळ की पान, किती, याचा पत्ता नसतो. एका विक्रेत्याने तर अर्क चालू असेल तर लसीकरणाची फारशी गरज नाही, असे मला बिनदिक्कत सांगितले. रानीखेत आणि गंबोरो हे कोंबड्यांचे विषाणूजन्य रोग कोणत्याही काढ्याला जुमानत नाहीत. शेडमध्ये पक्ष्यांखाली पसरलेली तुसाची गादी ओली राहिली, तर रक्ती हगवण यायची ती येतेच. अशा वेळी पक्षी ज्यातून पाणी पितात त्या निपलची गळती बंद करून गादी उलटीपालटी करणे हाच पहिला उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

पशुसंवर्धन विभागाला विनंती अशी की, प्रोबायोटिकच्या पुडीवर जिवाणूचे नेमके नाव, मुदत संपेपर्यंत ग्रॅममागे जिवंत राहणारी संख्या, साठवणुकीचे तापमान आणि क्लोरीन व प्रतिजैविकाबाबतची सूचना मराठीत छापणे सक्तीचे करावे. वनौषधींच्या पिशवीवर वनस्पती, तिचा वापरलेला भाग आणि मुख्य घटकाचे प्रमाण असावे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने बाजारातील नमुने अधूनमधून तपासून, त्यांत चोरून प्रतिजैविक मिसळलेले नाही ना हेही पाहून, निष्कर्ष जाहीर करावेत. करारावर पाळणाऱ्यांना खाद्यात काय मिसळले आहे, याची यादी प्रत्येक गाडीसोबत मिळावी. आज आम्हाला फक्त पोत्यांची संख्या मिळते.

माझ्याकडे दोन शेड आहेत. एकीत पुडी द्यायची, दुसरीत नाही, आणि खाद्य, मर व वजन यांची नोंद ठेवायची, असा प्रयोग मी पुढच्या बॅचला करणार आहे. त्या पुडीत नेमके काय होते, हा नोंदवहीतला रकाना मात्र तूर्त कोराच राहील.

आपला,
एक कुक्कुटपालक, सिन्नर, जि. नाशिक