ठिपका थांबला त्या रात्रीबद्दल

ओपुआ, न्यूझीलंड
१३ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर मी तुमच्याशी खोटं बोलले. "थोडं वारं लागलं, ट्रॅकर बिघडला होता, बाकी काही नाही," असं म्हणाले. आई, तू विचारलंस की जावयांचा आवाज असा का येतोय, तर सर्दी झालीय म्हणून सांगितलं. सर्दी नव्हती. बरगड्यांना मुका मार लागला होता, श्वास घेताना दुखत होतं. आणि बाबा, तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलात का?" मी हो म्हटलं. तेही खरं नव्हतं.

काल दादाचा फोन आला. त्याने सांगितलं की आमची बोट कुठे आहे ते नकाशावर दाखवणारा ट्रॅकरचा ठिपका थांबल्यापासून तुम्ही दोघं कॉम्प्युटरसमोरून उठला नाहीत. बाबांनी रात्रभर दर पाच मिनिटांनी पान उघडून पाहिलं. आईने देवापुढचा दिवा विझू दिला नाही. एकोणीस तास. ते ऐकल्यावर मला झोप आली नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. जे झालं ते सगळं सांगते, काहीही वगळत नाही.

टोंगाहून निघाल्यावर आम्ही मिनर्व्हा रीफवर थांबलो होतो. मी तुम्हाला तिथला फोटो पाठवला होता. भर समुद्रात प्रवाळाचं एक कडं आहे. भरतीला खडक पाण्याखाली जातो, नजर पोचेल तिथवर जमीन नाही, आणि तरी आत शांतपणे नांगर टाकता येतो. नोव्हेंबरपासून तिकडे चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, म्हणून बऱ्याच शिडाच्या बोटी त्या सुमारास न्यूझीलंडकडे परततात आणि शेवटच्या आठशे सागरी मैलांसाठी चांगल्या हवामानाची वाट बघत तिथे थांबतात. आमच्यासोबत आणखी काही बोटी होत्या. अंदाज बघून त्यातल्या दोघांनी थांबायचं ठरवलं. आम्ही निघालो.

का निघालो, हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. बाबा, तुमचं सहस्रचंद्रदर्शन २६ तारखेला. आमची तिकिटं २० तारखेची. आणखी आठवडाभर थांबलो असतो तर विमान चुकलं असतं. अंदाजात ३५ नॉट, म्हणजे तासाला पासष्ट किलोमीटर वारं होतं, ते आम्ही आधीही सोसलंय, म्हणून मी म्हटलं, जाऊया. निर्णय माझा होता. ह्यांचं मन थांबायचं होतं. हे मी तुम्हाला बोच लागावी म्हणून सांगत नाहीये, बाबा. तुम्हाला कळलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात की माझं चंद्रदर्शन पुढच्या महिन्यात करू. मी विचारलंच नाही. तिकीट काढलंय या एका गोष्टीपायी मी ह्या दोघांना घेऊन निघाले, ही चूक माझी.

तिसऱ्या दिवशी साधारण २९ अंश दक्षिणेला होतो. आमच्या दक्षिणेला जास्त दाबाचा भलामोठा पट्टा ठाण मांडून होता आणि उत्तरेला कमी दाबाचं क्षेत्र अंदाजापेक्षा झपाट्याने खोल होत गेलं. दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात समदाब रेषा एकमेकींना चिकटतात आणि वारं वेडं होतं. आम्ही नेमके त्या पट्ट्यात. पूर्वेचं वारं संध्याकाळपर्यंत ४५ नॉट, अंधार पडल्यावर ५० च्या वर, म्हणजे तासाला नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, आणि झोताला ६० नॉटच्याही पुढे. शिडं सगळी उतरवून वादळी शीड तेवढं ठेवलं होतं, हातरुमालाएवढं. लाटा सहा-सात मीटरच्या असाव्यात. उंच लाट एकवेळ परवडते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. भीती फुटणाऱ्या लाटेची. आमची बोट १२ मीटरची. तिच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी उंच लाट जरी फुटून आडवी आदळली तरी बोट उलटू शकते.

बाबा, तुमच्या नातीला, चिमीला, मी केबिनमध्ये खालच्या फळीवर झोपवलं होतं, कडेने कापड बांधून. ती आत लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा आणि आईची गोधडी ठासून भरली होती. ती निळ्या काठाची, जुन्या लुगड्यांची. मग तिला सांगितलं, "बोट कितीही कलली तरी जागा सोडायची नाही."

हे वाक्य तुमचं आहे. रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाताना तुम्ही मला मधोमध बसवायचात. मला कडेला बसून पाणी बघायचं असायचं आणि तुम्ही दर वेळी तेच म्हणायचात. पुढे कळलं ते कशामुळे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली, वाटेत लाटेने कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. त्यात आजीचा धाकटा भाऊ होता. आजी मला म्हणायची की बातमी आल्यावर रडता तरी येतं, बातमी येईपर्यंत माणसाने काय करावं? तेव्हा मी लहान होते, मला ते कळलं नव्हतं.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ती लाट आली. ऑटोपायलटचा बोल्ट तासभर आधी तुटला होता, हे बाहेर सुकाणू धरून बसले होते, हार्नेसने बोटीला बांधलेले. मी आत नुकतीच चिमीच्या पायाशी टेकले होते. आधी वाऱ्याचा आवाज एकदम बंद झाला. दोन लाटांच्या मधल्या घळीत बोट शिरली की असं होतं. मग मालगाडी अंगावर यावी तसा गडगडाट, आणि केबिनची भिंत जमीन झाली. डोलकाठी पाण्याला टेकली, बहुतेक त्याहीखाली गेली. हे मला नंतर कळलं, कारण आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, छताला, मिसळणाच्या डब्यातली हळद चिकटलेली आहे. पांढऱ्या छतावर हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग. कप्प्याचं दार उघडलं, डबा उडाला, हळद वर गेली आणि ओल्या छताला धरली. आठ दिवस झाले, मी तो डाग पुसलेला नाही.

बोट उठली. तिच्या तळाला शिशाचं जड वजन असतं, ते तिला उभं करतं. पण तेवढ्यात वरच्या झडपेतून पाणी आत आलं होतं, माझ्या पोटऱ्यांपर्यंत. मी ओरडून ह्यांना हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग आवाज आला, "आहे!" छातीपर्यंत पाण्यात गेले होते, हार्नेसने धरून ठेवलं. त्याच झटक्याने बरगड्यांना लागलं.

पाणी उपसायचा पंप सुरू केला, तो मिनिटभर चालला आणि गुदमरला. तांदळाचा मोठा डबा फुटला होता. टोंगाच्या राजधानीत, नुकु'आलोफात, भरून घेतलेला दहा किलो तांदूळ पाण्यात पसरला आणि पंपाच्या तोंडाशी जाऊन बसला. मी हात घालून मुठी-मुठीने काढत होते, तो पुन्हा भरत होता. शेवटी बादली घेतली. चिमीला मी म्हटलं, तू मोज. आई, तू व्हिडिओ कॉलवर शिकवलेले आकडे ती मोठ्याने म्हणत होती. अडुसष्टपाशी अडली. तिला एकोणसत्तर आणि एकोणऐंशीचा कायम घोळ होतो. मी बादली ओतता ओतता म्हटलं, "एकोणसत्तर," आणि ती पुढे निघाली. दोनशे अकरा बादल्या झाल्या. तिने जागा सोडली नाही.

मग आम्ही जे उजेडात करायला हवं होतं ते अंधारात केलं. बोटीच्या मागून पाण्यात ड्रोग सोडला. बाबा, थळचे कोळी डोल लावतात ना, तोंडाशी रुंद आणि शेपटीला निमुळतं जाळं? तशी सव्वाशे कापडी पिल्लं एका लांब दोरावर ओळीने बांधलेली, आणि टोकाला साखळी. ती पाण्यात पसरली की बोटीला मागून धरून ठेवतात, बोट लाटेवरून घसरत सुटत नाही आणि आडवी होत नाही. दोर ताणला गेला आणि मागून कुणीतरी पदर धरल्यासारखी बोट थांबली. वारं तेवढंच होतं, लाटा तेवढ्याच होत्या, पण आता त्या आमच्या पाठीवरून जात होत्या. पश्चिमेला शेकडो मैल मोकळं पाणी होतं, किनाऱ्याची धास्ती नव्हती. सुकाणू बांधून टाकलं, झडपा बंद केल्या आणि तिघं आत एकाच फळीवर पडून राहिलो.

दादाने विचारलं, आणि तुमच्याही मनात असणार, की मदत का मागितली नाही. धोक्याचा संदेश देणारं यंत्र भिंतीवरच होतं, एक झाकण उघडून एक बटण दाबायचं. न्यूझीलंडच्या शोध-बचाव केंद्राकडे जवळपास तीन कोटी चौरस किलोमीटर समुद्र आहे, दक्षिण ध्रुवापासून विषुववृत्ताच्या जवळपर्यंत. ते येतातच. पण विमान वरून बघू शकतं, माणसं उचलायला जहाज यावं लागतं, आणि तसल्या लाटांत जहाजाच्या लोखंडी भिंतीला लागून दहा वर्षांच्या पोरीला दोरीच्या शिडीवर चढवायचं, हे मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात पंधरा स्पर्धक गेले. माणसांनी सोडून दिलेल्या चोवीस बोटींपैकी एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या. १९९४ च्या जूनमध्ये इथेच, न्यूझीलंड आणि टोंगाच्या मधे, असंच वादळ झालं होतं. एकवीस जणांना वाचवलं, पण एका बोटीतले तिघं कधीच सापडले नाहीत. त्यांचा तराफा रिकामा मिळाला. बोट पायाखाली बुडत असेल, तराफ्यात पाऊल वर टाकून चढावं लागेल, तेव्हाच ती सोडायची, असं आम्हाला शिकवलं होतं. आमची बुडत नव्हती. डोलकाठी उभी होती, पाणी ओसरलं होतं. तरी पहाटेपर्यंत मी त्या बटणाकडे बघत होते. पाणी पुन्हा आत आलं असतं तर दाबलंच असतं.

आता ट्रॅकर. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणून आम्हाला वाटलं खूण जातेय, तुम्ही बघताय. आम्ही जिवंत आहोत हे घरी माहीत आहे, याच धीरावर मी होते. दुसऱ्या दिवशी रात्री वारं उतरून तीसवर आलं, चिमीने बिस्किट खाल्लं आणि म्हणाली, "आज आजोबांचा सुप्रभात आला नाही." तुमचा संदेश रोज येतो, बाबा, एक दिवस चुकलेला नाही. तेव्हा ह्यांनी वायर तपासली. अँटेनाची जोडणी निसटली होती, त्याच लाटेत. आमच्या रात्री दोन दहाला, म्हणजे अलिबागला संध्याकाळी सहा चाळीसला. दिवेलागणीला. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनपर्यंत तुमच्या पडद्यावर तो ठिपका एका जागी होता.

मी मनात दोन्ही रात्री शेजारी ठेवून बघते. माझ्या हातात बादली होती. मला दर क्षणी काही ना काही करायचं होतं, आणि लेक दोन हातांवर मोठ्याने आकडे म्हणत होती. तुमच्या हातात काहीच नव्हतं. ऐंशीच्या वयात, तेही आजीच्या घरात, ज्या ओसरीवर तिने भावाची वाट बघितली तिथे. मला माफ करा. मी बोटीची, शिडाची, पाण्याची सगळी तयारी केली होती. ट्रॅकर बंद पडला तर घरी काय समजायचं, कुणाला फोन करायचा, किती तास थांबायचं, हे एका कागदावर लिहून तुमच्याकडे द्यायला हवं होतं. ते मी केलं नाही. येताना तो कागद आणतेय.

२०१७ ला न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरात 'तारिणी' आली होती, नौदलाच्या सहा मुली पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या, बोट आपल्या गोव्यात दिवाडीला बांधलेली. चिमीला खांद्यावर घेऊन मी बघायला गेले आणि तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही उत्तर दिलं होतंत, "मुलींना माझे आशीर्वाद कळव. तू मात्र जाऊ नकोस." तेव्हा मला राग आला होता. वाटलं होतं, परक्या मुलींचं कौतुक आणि मला नाही. आता तो राग उरलेला नाही.

समुद्र सोडणार नाही, बाबा. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहिते. पण टोंगा ते न्यूझीलंड हा टप्पा चिमी आता बोटीने करणार नाही. ती आणि मी विमानाने येऊ, हे दोन अनुभवी माणसं घेऊन बोट आणतील. आणि तारीख ठरवून कधीच निघणार नाही. हे आमचं तिघांचं बोलून झालंय.

२० ला निघतो, २१ ला मुंबई. विमानतळावर येऊ नका, आम्ही टॅक्सी करू. चिमीला रेवसचा धक्का बघायचाय, आजोबांबरोबर, आणि तिला 'रामदास'ची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायचीय. मी थोडीशीच सांगितली आहे.

आई, गोधडी गोड्या पाण्यात तीनदा धुतली, तरी खाऱ्या पाण्याचा वास जात नाही. ती सोबत आणतेय. दोन ठिकाणी उसवली आहे. इथे मी सुई घेऊन बसले होते, पण तुझ्यासारखे टाके मला जमत नाहीत. तू घाल.

तुमची,
लेक